थंड प्लग, गरम प्लग

२ एप्रिल
आजपासून बोटीच्या इंजिनाची जबाबदारी पूर्णपणे माझी. जत्रेला खाडीत मोटरबोटींची शर्यत. जो जिंकेल त्याच्या बोटीतून देवीची पालखी पलीकडे जाते. गेली तीन वर्षं लडकूच्या बोटीतून जातेय. लडकू माझा चुलतभाऊ, वयाने धाकटा. घराण्यात थोरला मी. देवीलाही हे खटकत असणार.

३ एप्रिल, सकाळ
मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. बहुतेक इंग्रजी, तरी समजले. सगळं रहस्य स्पार्क प्लगमध्ये. थंड प्लग उष्णता पटकन सोडतो, गरम प्लग धरून ठेवतो. रेसिंगवाले थंड वापरतात. बायकोला, म्हणजे राहीला, समजावलं. म्हणाली, डोक्यासाठी मिळतो का थंडवाला? हसण्यावारी नेलं.

५ एप्रिल
भाविका म्हणाली, बाबा, बोट मी चालवू? कॉलेजला सुट्टी आहे. म्हटलं, बेटा, रेसिंगला अनुभव लागतो. मी स्वतः अजून रेस केलेली नाही, पण बघितल्यात भरपूर. रुसली नाही. समजूतदार पोरगी.

७ एप्रिल
प्लग घेतला. दुकानदार मनोजने विचारलं, कंपनीने कुठला नंबर सांगितलाय? सांगितलं, ते मासेमारीवाल्यांसाठी, आपण स्पोर्टवाले. सगळ्यात थंड द्या. म्हणाला, भाई, धीरे चलाओगे तो काला पडेगा. मी धीरे चालवणारच नाही, हे त्याला कुठून माहीत!

८ एप्रिल
ट्रायल. धक्क्यापासून निघालो, इंजिन खोकलं, बंद. प्लग काळाकुट्ट, तेलकट. पेट्रोलमध्ये भेसळ असणार.

९ एप्रिल
पेट्रोल बदललं. पुन्हा बंद. वल्हं मारत परत. बघायला बरेच जण होते. रेसची उत्सुकता आहे लोकांना.

१० एप्रिल
भाविका रोज संध्याकाळी लडकूच्या बोटीवर असते म्हणे. हेरगिरी! बापासाठी! मी विचारलं नाही, तिनेच रिपोर्ट दिला. लडकूकाका कंपनीने सांगितलेलाच प्लग वापरतो आणि साफ ठेवतो. एवढंच. बिचारा लडकू.

१२ एप्रिल
निर्णय बदलला. सगळ्यात गरम प्लग. थंडवाली थिअरी थंड देशांसाठी. भिवंडीत एप्रिलमध्ये थंड काय राहणार?

संध्याकाळी
एका झटक्यात स्टार्ट! धक्क्याजवळच चकरा मारल्या. काठावर भाविकाशेजारी उभा लडकू ओरडला, दादा, गरम प्लग हाय, फुल खेचू नको, पिस्टन जाईल. घाबरला.

१४ एप्रिल
गावात सांगून ठेवलं, पालखी यंदा आमच्याकडे. राहीने पालखीसोबत बसायला नवी साडी घेतली. झेंडूच्या माळांची ऑर्डर दिली.

१६ एप्रिल, जत्रा
सुरुवातीला मीच पुढे होतो. हे लिहून ठेवणं आवश्यक आहे. पुलाच्या अलीकडे फुल खेचलं. टकटक झालं, मग धूर, मग शांतता. इतकी शांतता, की काठावरचा बेंजो स्पष्ट ऐकू आला.

लडकूची बोट मागून आली. पुढे लडकू नुसता बसलेला. इंजिनावर भाविका. तिने वेग कमी केला, माझ्याकडे बघितलं. मी हातानेच सांगितलं, जा. का सांगितलं, माहीत नाही. ती गेली ती सुटलीच. जिंकली.

माझ्या माळा तिच्या बोटीला लागल्या. पालखी चढली, शेजारी राही, नव्या साडीत. माझी बोट भर खाडीत अडचण करत होती, म्हणून दोरीने त्यांच्या मागे बांधली. लोकांनी गुलाल उधळला. वाऱ्याने बराचसा माझ्यावर आला. मी हात जोडले.

१७ एप्रिल
इंजिन उघडलं. पिस्टनला आरपार भोक. डोळ्याला लावून बघितलं. पलीकडे भाविका बोट धूत होती. लडकूची.

जवळ जाऊन म्हटलं, पुढच्या वर्षी तुझ्याबरोबर बसतो, अनुभवी माणूस हवाच कोणीतरी.

म्हणाली, नको बाबा, वजन वाढतं.