साडेतीन अजिंक्यपदे

फरीदाबाद, दि. ३० जानेवारी २००४

चि. सौ. चंद्रप्रभा हिस,

वडील बंधू हणमंत याचे आशीर्वाद. तुझा गुडघा जिना चढू देतो की नाही आणि श्रीरंगरावांची साखर आटोक्यात आहे की नाही, ते सविस्तर लिहावे. माझी प्रकृती उत्तम आहे. (डावा घोटा सुजला आहे, कारण पुढे येईल.)

आमची क्षिप्रा ऑगस्टपासून तुझ्याकडे कोल्हापुरात राहून शाळेतील मुलींना टेनिस शिकवते आहे. तिने मला एक ओळ लिहिलेली नाही. मीही लिहिलेली नाही. तिने तुला हकिकत सांगितली असेलच, परंतु ती एका बाजूची असणार, म्हणून दुसरी कळवतो. महिला दुहेरीत सात वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारी मुलगी आपल्याच सी ब्लॉकमध्ये राहते, हे आमच्या नव्या सोसायटीला (मजले चौदा, लिफ्ट दोन, पैकी चालू एक) उशिरा कळले आणि पंधरा ऑगस्टला तिचा सत्कार झाला. तिची जोडीदार, करोल बागेची सलोनी, हीसुद्धा आली होती. सेक्रेटरी बक्षी यांनी माईक माझ्या हाती दिला. मी चौथीत शाळेत पहिला आलो होतो आणि तो क्रमांक कोणाशी वाटून घेतला नव्हता. सबब मला जे कायम वाटत आले तेच शुद्ध हिंदीत सांगितले, की सातास दोनाने भागले असता साडेतीन येतात. मंडळी पोट धरून हसली. सलोनीही हसली. क्षिप्रा उठून घरी गेली आणि चौथ्या दिवशी गाडीत बसली. जाताना एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही माझी एक तरी मॅच पाहिलीत?" पाहिली नव्हती. (कारखान्यात रविवारीही ओव्हरटाइम असे, आणि निम्म्या कामाचे पूर्ण कौतुक करण्याची मला सवय नाही.)

खेळ सोपा आहे हे सिद्ध करावे म्हणून सव्वीस जानेवारीच्या सोसायटी-स्पर्धेत, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, मी बक्षींसह दुहेरीत नाव दिले. समोर त्यांच्या पत्नी आणि मेहुणी. त्या दोघी प्रत्येक चेंडू नेमका आमच्या मधून मारीत. मी सभ्यपणे बक्षींकडे पाहावे, त्यांनी माझ्याकडे, आणि चेंडूने मागच्या कुंपणावर जाऊन आदळावे. "भाईसाहब, आपकी थी!" "नहीं जी, आपकी!" अखेर मी निश्चयपूर्वक धावलो, त्याच क्षणी तेही धावले. घोटा माझा, चष्मा त्यांचा. सहा-शून्य. शून्यास दोनाने भागून पाहिले, शून्यच येते.

घोट्याला बर्फ लावताना सौ. बक्षी म्हणाल्या, "बीचवाली हर बॉल तो क्षिप्रा लेती थी, अंकलजी. ज़ोर से चिल्लाती थी, मेरी! उसी ने तो हमें सिखाया." माझ्या मुलीविषयी हे मला परक्या बाईकडून कळावे!

असो. माझे काही चुकले असे मला वाटत नाही. भागाकार बरोबर होता.

तुझा वडील बंधू,
हणमंत

ता. क. दुहेरीत मधला चेंडू कोणी घ्यायचा, हे तिला सहज विचारावे. उत्तर तिनेच लिहावे. तुझे अक्षर मला लागत नाही.

पुन्हा ता. क. हे पत्र तिच्या हाती पडू नये. आलेली पत्रे टेबलावर उघडी टाकण्याची तुझी लहानपणापासूनची सवय मला ठाऊक आहे, म्हणूनच श्रीरंगरावांच्या नावे न पाठवता तुझ्या नावे पाठवले.