प्रमुख पाहुण्यांनी वाचायची गोष्ट

तीर्थरूप मामांना,

लांबूनच साष्टांग नमस्कार. (लांबून का, ते पुढे येईलच.) मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. महिनाभर वाचन बंद, हे डॉक्टरांचं म्हणणं कसोशीनं पाळा. जमल्यास दोन महिने पाळा. गुडघा कसा आहे? दुखत असला तर अंगावर काढू नका.

मी बरा आहे. म्हणजे जेवण जात नाही आणि जिन्यात पाऊल वाजलं की दचकतो, एवढंच. वाचनालयाच्या माडीवर मी विनोदी कथा लिहायला शिकवतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. समोर बारा जण बसतात. शिवाय नऊ लाजाळू मंडळींना धडे टपालानं जातात. त्यांची नावं मलाही कळत नाहीत, नुसते क्रमांक. तिसऱ्या धड्यात मी सांगितलं, की ज्याला सगळे चळाचळा कापतात अशा माणसाला एखाद्या क्षुल्लक ठिकाणी अडकवा, हसू आपोआप येतं. वर्गानं ते निमूट वहीत उतरवून घेतलं. शेवटी मागच्या बाकावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "सर, नुसती मापंच घेताय, कापड कधी दाखवणार? उदाहरण द्या की!"

आणि मामा, माझी जीभ घसरली. गाडी चालवण्याच्या परीक्षेत तीस वर्षं लोकांना नापास करणारे एक परीक्षक (मलाच तीनदा, पण तो राग मनात नव्हता, देवाशपथ) आपल्याच बोळात, भिंत आणि दूधवाल्याचा टेम्पो यांच्यामध्ये गाडी इतकी चपखल घालतात, की एकही दार उघडेना. त्यात इंजिन बंद पडलेलं. हाक मारायची लाज, म्हणून तीन तास आत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "इंजिनाचा आवाज तपासतोय." नाव मी घेतलं नाही. फक्त मिशी सांगितली.

वर्ग पहिल्यांदाच हसला. त्या भरात मी गृहपाठ दिला, की यावरच कथा लिहा. धडा उदाहरणासकट टपालानंही गेला. एकवीस कथा आल्या. एकवीसही तुमच्यावर.

इथवरही निभावलं असतं. पण आमची रीत अशी, की पहिल्या नंबरची कथा समारोपाला प्रमुख पाहुण्यांनी वाचायची. काल वाचनालयाचे अध्यक्ष हात चोळत आले. "यंदा शिस्तीचा माणूस हवा, म्हणून तुमच्या मामांनाच बोलावलंय!" मी चाचरत म्हटलं, त्यांना वाचायला बंदी आहे. "मग मामी वाचतील. मामा शेजारी उभे राहतील, मिशीसह." निकाल फिरवावा, तर बाकीच्या वीस कथांतही तुम्हीच गाडीत बसलेले. तीनदा नापास झालो ते सोसलं, मामा. आता भाचा म्हणून नापास कराल, या धास्तीनं घाईघाईनं खरडतोय. अक्षर त्यामुळेच असं आलंय.

तुमचा
घाबरट भाचा

ता. क. : मुख्य काम राहिलंच. येऊ नका. गुडघा सांगा.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्याआधी पहिली आलेली कथा, म्हणजे टपालाच्या क्रमांक नऊची, पुन्हा वाचली. तिच्यात परीक्षकांची बायको खिडकीच्या दोन बोटं फटीतून त्यांना चमच्याचमच्यानं चहा पाजते, आणि ते आतून गुरगुरतात, "साखर नीट ढवळली नाहीस!" हे मी वर्गात सांगितलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं. तुम्ही कोणापाशी बोलला होतात का?

ता. क. ३ : मामी, आत्ता डोक्यात प्रकाश पडला. मामांना वाचायला बंदी, म्हणजे हे पत्रही तुम्हीच त्यांना मोठ्यानं वाचून दाखवताय. इथपर्यंत आलात म्हणजे सगळं वाचून झालंच. मामा काय म्हणाले? नको, कळवू नका. तरीही दोघं आलातच, तर मास्तर म्हणून माझ्या नऊ क्रमांकाला एकच सांगतो. वाचताना घाई करू नका. चमच्याच्या आधी जरा थांबा. हशा तिथे आहे.