एलीच्या खेचराचा तिसरा फेरा

मी, थर्मन व्हिकर्स, वय एकाहत्तर, कोळशाच्या खाणीच्या दुरुस्ती शेडमधला निवृत्त फिटर, राहणार केन ब्रँच, राज्य केंटकी, हे सर्व स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय ठिकाणावर नाही असे डॉक्टर म्हणतात, पण मृत्युपत्राला ते लागत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्या एका माणसाचे जन्मभर होते, तो आज दुपारी तीन वाजता साक्षीदार म्हणून सही करायला येणार आहे. त्याचे कारण पुढे दिले आहे. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रे केली, दोन्ही रागात. ती रद्द समजावीत. हेही थोडेफार रागातच लिहितो आहे, पण हे शेवटचे.

कलम १. माझे राहते घर, सभोवतालच्या जागेसह, माझी भाची लिओटा हिला मिळावे. मागचे पर्सिमनचे झाड तिने तोडू नये. शेजारी क्लेटस वीस वर्षे तक्रार करतो आहे की आमचे कुंपण त्याच्या हद्दीत वीतभर शिरले आहे. ते शिरले आहे. मीच सरकवले. लिओटाने ते परत सरकवावे, मात्र माझ्या अंत्यविधीनंतर, म्हणजे क्लेटसला तिथे तोंड पाडून उभे राहावे लागेल.

कलम २. माझे पाने, पक्कडी, लोखंड पकडायचा मोठा शेगडा आणि ट्रक गावच्या अग्निशमन दलाला द्यावेत. ट्रकचा दुसरा गिअर हलक्या हाताने टाकावा लागतो. दलातल्या कोणाचाही हात हलका नाही, हे मला माहीत आहे.

कलम ३. मला माझी पत्नी नेडीन हिच्या शेजारी पुरावे. ती गेली त्याला नऊ वर्षे झाली. शेवटच्या आजारपणात ती मला म्हणाली होती, "तू माझ्याशी केलास त्याहून जास्त संसार त्या हॉबर्टशी केलास, थर्म. सकाळी उठून आधी त्याचं नाव, मग कॉफी." मी तेव्हा वाद घातला. आज लिहून देतो की तिचे खरे होते.

कलम ४. टेबलाच्या खणात तंबाखूचा एक डबा आहे, त्यात गिटार वाजवताना अंगठ्यात घालायच्या माझ्या नख्या आहेत. आमच्याकडची गिटार अशी वाजते: उजव्या अंगठ्यात नखी घालून जाड तारांवर ठेका चालू ठेवायचा, तो कशासाठीही थांबवायचा नाही, आणि बोटांनी वरच्या तारांवर गाणे काढायचे. एकाच माणसाने दोघांसारखे वाजवायचे. डब्यातली पिवळी नखी माझ्या वडिलांची. त्यांचा अंगठा जाडजूड होता, त्यामुळे ती मला कायम सैल व्हायची. नखी गरम पाण्यात बुडवून दाबली की अंगठ्याला बसते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. चोविसाव्या वर्षी कळले. तोवर मी सैल नखीनेच वाजवले. ही पिवळी नखी माझ्याबरोबर पुरावी. बाकीच्या लिओटाने हव्या त्याला द्याव्यात.

कलम ५. गिटार.

हे कलम लांबणार आहे, वकीलबाईंनी राग मानू नये.

गिटार मूळ युस्टेस गॅरिकची, म्हणजे आमच्या युस्टेसकाकाची. त्याचे मेन स्ट्रीटवर दाढी-कटिंगचे दुकान होते. गिऱ्हाईक नसले की तो स्वतः गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून वाजवायचा. आमच्यात कोणालाच लिहिलेले संगीत वाचता येत नाही. हात बघायचा आणि उचलायचे, हीच शाळा. त्यामुळे ज्याला शिकवायचे नसेल त्याच्यापासून हात लपवायचा हीही रीतच आहे. काकाची लपवण्याची पद्धत सोपी होती: खुर्चीचा दांडा दाबून तो गर्रकन भिंतीकडे फिरायचा.

त्याच्याकडे एक चीज होती, 'एलीचं खेचर'. तिचे तीन फेरे, म्हणजे तीन वेगवेगळ्या चाली, एकामागून एक. पहिला फेरा त्याने मला शिकवला, दुसरा शिकवला. तिसऱ्याची वेळ आली की खुर्ची भिंतीकडे. आणि भिंतीकडे तोंड करूनही इतक्या हळू वाजवायचा, की रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला की निम्मे वाहून जायचे. १९४७ च्या वसंतात मी एकवीस वर्षांचा होतो आणि मला त्या फेऱ्याशिवाय दुसरे काही नको होते. मी त्याची झाडलोट केली, त्याच्या चुलीचे धुराडे दुरुस्त करून दिले, त्याचे तेच तेच विनोद ऐकून हसलो. खुर्ची फिरायची थांबली नाही.

मग मी तो उन्हाळाभर रोज संध्याकाळी ओसरीवर बसून, कानावर पडलेले तुकडे जोडून, मधल्या जागा माझ्या मनाने भरून तिसरा फेरा बनवायची खटपट केली. तो काही जमला नाही. काकाचा असा नव्हे, एवढे मला कळत होते. मी नाद सोडला.

ऑगस्टमध्ये काका आजारी पडला. तेव्हा हॉबर्ट लायकिन्स, खाणीच्या दुरुस्ती शेडमधला माझा जोडीदार, रोज जाऊन अंथरुणात त्याची दाढी करायचा. महिनाअखेर काका गेला. सप्टेंबरच्या जत्रेतल्या स्पर्धेत मी 'एलीचं खेचर' दोन फेऱ्यांचे वाजवले. माझ्यानंतर हॉबर्ट बसला आणि त्याने तीनही फेरे वाजवले.

त्याचा तिसरा फेरा माझ्या खटपटीशी बराच जुळत होता. त्यामुळे तर जास्तच लागले. मी इतका जवळ गेलो होतो आणि राहिलेले काकाने त्याला दिले होते. आणि मधेच एका जागी त्याने अंगठा थांबवला. दोन ठोके ठेका बंद. आमच्याकडे असे कोणी करत नाही. सगळी जत्रा श्वास धरून बसली, मग अंगठा परत आला आणि लोक उठून उभे राहिले. परीक्षक म्हणाले, त्या थांबण्यात सगळी कला आहे. बक्षीस त्याला मिळाले, पुढे रेडिओवर त्याला बोलावले, आणि त्या थांबण्याला लोक 'हॉबर्टचा दम' म्हणू लागले. तो दम मी पन्नास वर्षे घरात दार लावून काढून पाहिला. माझा अंगठा थांबला की नुसता चुकल्यासारखा वाटतो.

मी जळलो. वेगळे शब्द शोधत नाही. त्याच्या पोटावर, त्याच्या केसांवर, त्याच्या बायकोने केलेल्या घेवड्यावर आणि मक्याच्या पावावरसुद्धा जळलो.

देवाने मला एकच गोष्ट दिली. काकाच्या बायकोने ती गिटार मला दिली, धुराड्याची आठवण ठेवून. हॉबर्टने ती तीनदा मागितली. मी तीनदा नाही म्हणालो, आणि तिसऱ्यांदा तर त्याच्या बायकोच्या दफनाच्या दिवशी म्हणालो. त्याची मला लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. गेल्या वर्षी अर्धांगाच्या झटक्याने त्याचा डावा हात गेला. आता तो वाजवू शकत नाही.

सबब, गिटार गावच्या वाचनालयात काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवावी. हॉबर्ट लायकिन्स यांना ती बघण्यास कोणतीही हरकत नाही.

कलम ६. साक्षीदार. वकीलबाईंनी सांगितले की आमच्या राज्यात जो मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. हे ऐकताच मी हॉबर्टला फोन केला. सही करण्यापूर्वी त्याला सगळा मजकूर वाचून दाखवायचा, असे मी ठरवले आहे. दुसरी साक्षीदार टपाल वाटणारी ओपल डिशमन. ती फेरी संपवून येईल.

येथपर्यंतचा मजकूर सकाळी लिहिला. येथून पुढचा त्याच दिवशी, दुपारी पावणेपाच वाजता.

हॉबर्ट तीनला आला. डावा हात खिशात, उजव्या हाताने ओपलचा दंड धरलेला. मी कॉफी दिली आणि वाचायला सुरुवात केली. कुंपणाला तो हसला. नेडीनच्या कलमाला खाली बघितले. पाचवे कलम मी सावकाश, एकेक शब्द चावून वाचले, कारण त्याच्यासाठीच तर लिहिले होते. वाचून झाल्यावर मी वर पाहिले. मला वाटले होते तो काचेच्या कपाटाबद्दल बोलेल.

तो म्हणाला, "काकानं तुला तिसरा शिकवला नव्हता?"

मी म्हणालो, "आत्ता काय वाचलं मी? खुर्ची फिरवायचा."

"माझ्यासमोरही फिरवायचा. आजारपणात विचारलं, तर म्हणाला, दाढी कर."

"मग तू जत्रेत वाजवलास तो कुणाचा?"

हॉबर्टने कप बाजूला सारला. मग सांगितले. त्या उन्हाळ्यात शेडमधून परतताना तो रोज आमच्या कोळशाच्या खोलीमागे उभा राहायचा. मी ओसरीवर वाजवत असायचो. काकाने मला तिसरा फेरा दिला असे धरून त्याने तो माझ्याकडून चोरला. "मला वाटलं तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "बक्षीस घेऊन खाली उतरलो तेव्हा तू अशा नजरेनं बघितलंस. मला वाटलं हा मला चोर म्हणेल. तू म्हणाला नाहीस. पन्नास वर्षं म्हणाला नाहीस. त्याच्यापेक्षा तू मला मारलं असतंस तर बरं झालं असतं, थर्म."

मी विचारले, "आणि तो दम?"

त्याने उजव्या अंगठ्याने टेबलावर ठेका धरला. त्या जागेशी आला आणि थांबला. दोन ठोके. ओपलने हातातला कप खाली ठेवला नाही, तसाच धरला.

"इथं तू थांबायचास," तो म्हणाला. "रोज, ह्याच जागी. कसं सुचलं तुला हे मला कधीच कळलं नाही."

मला सुचले नव्हते. त्या जागी अंगठा चौथ्या तारेवरून एकदम सहावीवर न्यावा लागतो आणि वडिलांची नखी सैल होती. ती घसरायची. दोन ठोके मी ती बोटाने परत वर ढकलत असे.

हे मी त्याला सांगितले. तो हसेल असे वाटले, पण त्याचे डोळे भरून आले. माझे आधी आनंदाने भरले, कारण तो फेरा माझा होता. मग लगेच मी पुन्हा जळलो, कारण माझाच फेरा त्याने माझ्यापेक्षा चांगला वाजवला होता. मी घसरलो होतो, तो थांबला होता. याचे मला आत्ता, हे लिहितानाही, वाईट वाटते.

मग हॉबर्टने कागद ओढला, पेन मागितले, आणि साक्षीदाराच्या ओळीवर पूर्ण नाव लिहिले. म्हणाला, "झालं. आता हे कोर्टात जाईल. तिसरा फेरा थर्मनचा, खाली माझी सही. फेडलं मी."

मी त्या सहीकडे पाहत बसलो. माझ्या चालीखाली हॉबर्ट लायकिन्सचे नाव, साक्ष म्हणून. एकविसाव्या वर्षापासून मला जे हवे होते ते शाई वाळायच्या आत माझ्यासमोर होते.

पण आणखी एक गोष्ट मला आज कळली. या गावात मी पन्नास वर्षे वाजवले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाठ थोपटली. माझे वाजवणे चोरावे असे वाटलेला माणूस एकच निघाला. त्यासाठी तो कोळशाच्या खोलीमागे उन्हाळाभर उभा राहिला.

सबब, कलम ५ मधील वाचनालय, कपाट आणि कुलूप रद्द. युस्टेस गॅरिक यांची गिटार, पेटीसह, हॉबर्ट लायकिन्स यांना मिळावी. तो म्हणाला, "डावा हात बघ माझा. मी काय करू तिचं?" मी म्हणालो, मांडीवर घेऊन उजवा अंगठा चालव, दम तेवढा घे. तो म्हणाला की त्यापेक्षा सही राहू दे, गिटार नको. ओपलने आठवण करून दिली की सही आणि गिटार दोन्ही चालणार नाही. तिसरा फेरा माझा हे वेगळ्या कागदावर लिहून देतो, असेही हॉबर्ट म्हणाला. मी नको म्हटले. तसा कागद हाती आला तर मी तो गावभर दाखवत फिरेन आणि मरायचे राहून जाईल.

म्हणून हॉबर्टची सही मी माझ्या हाताने खोडली आहे. त्याच्या जागी, पाण्याचा हीटर दुरुस्त करायला आलेल्या रॉय टॅकेट यांना तळघरातून वर बोलावले. त्यांना संगीतात गम्य नाही, हे त्यांनी स्वतः सांगितले.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

(सही) थर्मन व्हिकर्स

साक्षीदार:
१. हॉबर्ट लायकिन्स (खोडले. आता साक्षीदार नाही, वारस आहे. थ. व्हि.)
२. ओपल डिशमन, टपाल फेरी क्रमांक दोन
३. रॉय टॅकेट, हीटर दुरुस्ती

स्थळ: केन ब्रँच, केंटकी
दिनांक: १४ ऑक्टोबर १९९७

ता. क. क्रमांक एकच्या नावावर मी एकच रेघ मारली आहे, तीही बारीक. रेघेखालचे नाव नीट वाचता येते.