बाळंतिणीनं न काढायचा शब्द

८ एप्रिल, शेणवा
चिमी अठरा दिवसांची. सकाळपासून ओढते, सोडते, रडते. कंटाळून बोलून गेले, "आटलं वाटतं माझं." सासूबाई चुलीपासून धावत आल्या. "बाळंतिणीनं तो शब्द काढायचा नाय गो!" लगेच मीठमोहऱ्या ओवाळल्या. मला हसू आलं. मी सहावीला बाष्पीभवन शिकवते! माहेरी, धसईला, ओढा, विहीर, कढईतली बासुंदी, सगळं बिनदिक्कत आटतं. इथे बाळंतिणीच्या घरात बासुंदी 'घट्ट होते' आणि विहीर 'खाली जाते'.

१० एप्रिल
आज हसू नाही. डावीकडे थेंब नाही. बोलले म्हणून तर... छे. बी.एस्सी. फुकट गेली म्हणायची. रवी म्हणाला, "पावडरचा डबा आणू का?" नवऱ्यावरच खेकसले, बिचारा. सासूबाई मात्र एका शब्दानं बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

११ एप्रिल
हळिवाची खीर पुढे ठेवून सासूबाई आपणहून बोलल्या. रवी महिन्याचा असताना बघायला आलेल्या बायका दारातच म्हणाल्या, आटलं हिचं. "शब्दानं नाय गेलं गो. सगली बोलली म्हणून मीच त्याला पाजायला घ्यायचं सोडलं. गाईचं घातलं." म्हणजे मीठमोहऱ्या ओवाळल्या तरी त्यांची खरी भीती शब्दाच्या शापाची नव्हतीच. आटलं म्हटलं की विषय संपतो, मग कोणी पुन्हा प्रयत्न करत नाही. उगाच हसले त्या दिवशी.

१२ एप्रिल
आरोग्य केंद्रात. सिस्टरनी चिमीला माझ्या कुशीत तिरकं धरून दाखवलं. माझी धरायची पद्धतच चुकत होती! "दूध आहे. वजनही वाढतंय. दर दोन तासांनी पाजायला घ्या." येताना रिक्षात रडू फुटलं. सुटले बाई. रवी घाबरला, त्याला वाटलं काहीतरी वाईट सांगितलं.

१६ एप्रिल
दोन्हीकडे व्यवस्थित. दुपारपर्यंत तीन ब्लाउज बदलले आणि त्याचाही आनंद! रजा संपल्यावर दिवसभर शाळेत, तेव्हा कसं होणार, माहीत नाही. सिस्टर म्हणतात, काढून ठेवता येतं. बघू.
आत्ता पाजत होते तर सासूबाई समोर येऊन बसल्या. नुसत्या बघत. म्हटलं, काय हो?
"बघू दे गो. रवीच्या टायमाला मला बघायला भेटलं नाय."