खोलीची चार बोटं

३ ऑक्टोबर
माझ्या खोलीतली चार बोटं जागा जाणार आणि मला विचारलं कुणी? कुणीच नाही! चिरंजीव चहा ढवळता ढवळता म्हणतात, "आई, तुझ्या खोलीच्या भिंतींना आतून थर्माकोलसारखे जाड पाट लावून घेतोय. ऊब टिकेल." जुन्या घराची भिंत म्हणजे नुसत्या भरीव विटा, थंडी थेट आत येते म्हणे. इतकी वर्षं आली, मी मेले का?
सूनबाई पाठ फिरवून पोळ्या लाटत राहिली. तिची पाठ मला बोलण्यापेक्षा जास्त टोचते.

४ ऑक्टोबर
माप घ्यायला माणूस आला. नाव सांगितलं त्यानं, मी विसरले. टेपवालाच म्हणते. भिंतीवर टकटक करतो आणि डॉक्टरसारखी मान हलवतो.
"आजी, कुठं ओल नाही ना? असेल तर आधी भिंत सुकवायची. तीन महिने खोली रिकामी."
"ठणठणीत कोरडी आहे," म्हटलं.
खोटं! कपाटामागे ताटाएवढा डाग आहे. रोज फडक्यानं टिपते.
खोली रिकामी म्हणजे माझी रवानगी मुलीकडे. तिसरा मजला. दार लावलं की माणूस म्हणून दिसत नाही. चिरंजीवांनी मागेच बजावलंय, "ओल निघाली तर तुला ताईकडेच ठेवायचं. तुझी छाती बघ जरा." आणि एकदा गेलेल्या म्हातारीला परत आणायला सवड कुणाला असते?

५ ऑक्टोबर
घरात कुणी नव्हतं. कपाट ढकललं. कंबर बोंबलली. नातीच्या केस वाळवायच्या यंत्रानं डाग शेकला, माळ्यावर उरलेला पांढरा रंग फासला. चौथी नापास बाईचं काम, पण भल्याभल्यांना दिसायचं नाही.

६ ऑक्टोबर
रंगाच्या वासानं डोकं उठलं. तरी कपाट पुन्हा जागेवर!

९ ऑक्टोबर
टेपवाल्यानं कपाट हलवलं. ओल मोजायची टोचणी त्यानं दुसऱ्या भिंतीला लावली. इथं नुसता हात फिरवला. "छान!" मी देवाचं नाव घेतलं.
दुसरी भिंत झाली. पाट बसवले, सांधे चिकटपट्टीनं बंद केले, दिव्याची बटणं पुढे आणली. खोली खोक्यासारखी दिसते. ऊबदार आहे. हे फक्त इथंच लिहिते, तोंडानं कबूल करायची नाही.
सूनबाई दोनदा दारात येऊन गेली. कपाटाच्या भिंतीकडेच बघत होती. पाळत ठेवते माझ्यावर!

१० ऑक्टोबर
टेपवाल्याला चहा दिला. सहज विचारावं तसं विचारलं, "समजा, ओल्या भिंतीवरच पाट लावला तर?"
"मग ती आतून सुकणारच नाही, आजी. वरच्या मजल्याच्या तुळईचं टोक त्याच भिंतीत बसलेलं असतं. ते कुजतं. कळतं कधी? खचल्यावर."
कपाटाच्या बरोबर वर नातीचा पलंग.
चहा तसाच ठेवला.

११ ऑक्टोबर
सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. "कपाटामागे ओल आहे. रंग मी फासलाय."
चिरंजीवांचं तोंड बघण्यासारखं! "आई, तू काय लहान आहेस का?"
"लहान असते तर माझं ऐकलं असतंस."
टोचणी लावली तर ती किंचाळायलाच लागली. बाहेर छताच्या पन्हळीचा पाइप फुटलाय, पाणी सगळं त्या विटांत. तुळईचं टोक ओलं, पण अजून टणक. वेळेवर बोलले म्हणे. शाबासकी कुणी दिली नाही ती नाहीच. भिंत तीन महिने उघडी राहणार, मी रविवारी मुलीकडे.
पिशवी भरायला काढली. काय काय न्यायचं सुचेना, नुसती रुमालांच्या घड्या घालत बसले.

१२ ऑक्टोबर
टेपवाल्यानं रंग खरवडला. माझा पांढरा निघाला, तर खाली मोतिया. तोही फार जुना नाही!
"आजी, दोनदा रंगवलंत?"
मोतिया रंगाच्या डब्याला मी हातसुद्धा लावलेला नाही. आमच्या स्वयंपाकघराला तो रंग आहे. आणि स्वयंपाकघर रंगवलं सूनबाईनं.

१३ ऑक्टोबर
भांडी घासता घासता ती म्हणाली, पाठ माझ्याकडे, "मार्चमध्ये तुम्ही ताईंकडे आठ दिवस होतात, तेव्हा मारला. ह्यांनी डाग पाहिला असता तर तुम्हाला परत आणलंच नसतं." आणि नळ जोरात सोडला.
तरीच! परत आले तेव्हा डाग दिसेना, मला वाटलं आपोआप सुकला. पावसात पुन्हा उमटला, पण कपाटामागच्या अंधारात रंगातला फरक माझ्या डोळ्यांना कुठला दिसायला!
माझा पलंग ती बैठकीत हलवणार आहे, तीन महिने मी इथंच. ठरवून टाकलंय तिनं. "ह्यांना मी बघते," म्हणते. पिशवी रिकामी केली.
चिरंजीव चौकशी करत येतीलच. सूनबाईला बजावलंय: दोन्ही रंग माझे. तू तोंड उघडायचं नाहीस. विचारलं तर उत्तर मी देणार!