पाणी हलता कामा नये

सोमवार, ३ मार्च

मोठ्यांची नवी बॅच सुरू झाली. सकाळी सहाला! नऊ जण. सगळ्यांना म्हणे "पोहता येतं." येतं कसलं — पाण्याशी मारामारी करता येते. या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत अर्धा तलाव बाहेर काढला या लोकांनी. मी नुसती काठावर उभी, तरी नखशिखांत भिजले. इतकी वर्षं शिकवते, पण पहिल्या दिवशी दरवेळी धक्काच बसतो. धडधाकट, शिकलेली माणसं, आणि पाण्यात उतरली की जिवावर उठल्यासारखी हातपाय झाडतात.

सांगितलं — ताकद लावायची नाही. ताकद लावली की दमता, दमलात की आणखी ताकद लावता. अंग लांब करा, डोकं खाली घाला, एक हात मारलात की सरकत राहा. पाणी हलता कामा नये. कमीत कमी हातांत जो पलीकडे पोचेल तो खरा पोहणारा.

बॅचमध्ये एक लिलाववाले आहेत. धंदाच तो — जुनं फर्निचर, घड्याळं, बंद पडलेल्या दुकानांतला माल पुकारून विकतात. साठीच्या अलीकडे-पलीकडे असतील. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. पाण्यातही बोलतात. तोंडात पाणी गेलं की थुंकतात आणि वाक्य पुढे चालू. बायकोला सोबत आणलंय. त्या उथळ बाजूचा दांडा धरून उभ्या राहिल्या त्या तास संपेपर्यंत. "मी इथंच बरी आहे. तुम्ही यांच्याकडे बघा." मनातल्या मनात त्यांना काठवाल्या म्हणायला लागले आहे. तोंडातून निघालं नाही म्हणजे मिळवली.

बुधवार, ५ मार्च

लिलाववाल्यांनी आज पलीकडे जाताना आपले हात मोजले, आणि काठाला टेकल्यावर तिथूनच पुकारा — "तीस हात एकवार... तीस हात दोनवार... कोणी कमी करतंय का?" हसून हसून बॅच बुडायची वेळ आली. मला शिस्तीचा चेहरा करायचा होता, जमला नाही.

सोमवार, १० मार्च

आज सरकण्याचा खेळ घेतला. भिंतीला पाय लावून ढकलायचं, हात पुढे, तोंड पाण्यात, आणि हलायचं नाही. वेग संपला तरी तसंच पालथं तरंगत राहायचं, जेवढा वेळ दम पुरेल तेवढा. मोठ्या माणसांची भीती जायला याच्यासारखा उपाय नाही. पाणी आपल्याला धरून ठेवतं, हे एकदा अंगाला पटलं की पुढचं सगळं सोपं.

शिंपीणबाई जिंकल्या. कोपऱ्यातल्या, कधी तोंड न उघडणाऱ्या. लिलाववाले चौथे आले आणि त्यांचा चेहरा असा पडला की दुकानाला आग लागली असावी. "मॅडम, मी कुणाला हार जात नाही." मी म्हटलं, "मग आधी पोट आत घ्या." काठवाल्या दांड्याला धरून हसत होत्या. पहिल्यांदा हसताना पाहिलं त्यांना.

बुधवार, १२ मार्च

नवरा म्हणतो, मी काल कणीक मळताना स्वतःशीच म्हणाले, "ताकद लावू नका." बहुतेक खरं असावं.

शुक्रवार, १४ मार्च

दुपार झाली आहे. अक्षर कसंही येवो, लिहिल्याशिवाय सुटका नाही.

पुन्हा सरकण्याचा खेळ होता. लिलाववाल्यांची पाळी आली. भिंतीशी उभे राहून भराभर मोठे श्वास घेत होते, भात्यासारखे, एकामागून एक. मी पाहिलं. मला दिसत होतं. मी काय केलं? थट्टा केली. "लिलाव सुरू होतोय," म्हटलं. सगळे हसले. ते निघाले.

आणि काय सुंदर सरकले! एवढा अवजड माणूस, एक लाट नाही. मध्यावर येऊन थांबले. हात पुढे, मान सैल, तोंड पाण्यात. पाणी जराही हलत नव्हतं. मला इतका आनंद झाला! मी शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं. "शाब्बास, लिलाववाले, शाब्बास! बघा, सगळ्यांनी बघा. याला म्हणतात तरंगणं." मी तेवढ्यावर थांबले नाही. मी समजावून सांगायला लागले. खांदे बघा, म्हटलं. किती सैल सोडलेत बघा. बोटं बघा. कुठे ताण आहे का? नाही ना? मी काठावर उभी राहून बोटाने दाखवत होते. किती वेळ, देव जाणे. मला बोलायला लागलं की भान राहत नाही.

काठवाल्या म्हणाल्या, "मॅडम, हे इतके गप्प नसतात."

मी त्यांना शू केलं. मी त्या बाईंना गप्प बसवलं! म्हटलं, "करू द्या त्यांना, आत्ता कुठे जमतंय."

त्या म्हणाल्या, "झोपेतसुद्धा नसतात," आणि त्यांनी दांडा सोडला. दोन आठवड्यांत एकदाही न सोडलेला. पाणी त्यांच्या छातीपर्यंत. त्या चालत निघाल्या, पाय घसरला, खाली गेल्या, वर आल्या, हात आपटत, पाय झाडत, नाकातोंडात पाणी जात असताना निघाल्याच. मी ज्याला ज्याला चूक म्हणते ते सगळं त्यांनी केलं आणि त्या पोचल्या. नवऱ्याची टोपी धरून तोंड वर ओढलं. ओठ जांभळे. डोळे अर्धे उघडे.

तेव्हा मी उडी मारली. तेव्हा!

जीवरक्षक खोल बाजूकडून धावत आला. दोघांनी मिळून त्यांना काठावर घेतलं. मी तोंडाने श्वास दिला, त्याने छाती दाबली. माझं शरीर सगळं नीट करत होतं, डोक्यात मात्र माझाच आवाज — खांदे बघा, किती सैल. मग ते खोकले. पाणी ओकले. इतका घाणेरडा आवाज, आणि मला तो ऐकून रडू आलं. रुग्णवाहिकेत काठवाल्या ओल्या कपड्यांनी बसल्या, अंगावर माझा टॉवेल. मुठीत त्यांची रबरी टोपी होती.

नंतर जीवरक्षक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "माझं लक्ष होतं, मॅडम. पण तुम्ही शाब्बास म्हणत होतात. मला वाटलं, तेच करायचं असेल."

बरोबरच वाटलं त्याला. मलाही तेच वाटलं होतं.

शनिवार, १५ मार्च

जगतील. डॉक्टरांनी तसं सांगितलं. फुफ्फुसात पाणी गेलंय, नाकात नळी आहे, झोपेचं औषध दिलंय. काचेतून पाहिलं. गप्प पडले होते. मला बघवेना, मागे फिरले.

काठवाल्या बाकावर होत्या. मला वाटलं, थोबाडीत मारतील. मारायला हवी होती. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "काही खाल्लंत का?" मला!

संध्याकाळी ताईला फोन केला. ती नर्स आहे, तिच्याशी खोटं बोलता येत नाही. म्हणाली, भराभर मोठे श्वास घेऊन दम धरला की श्वास घ्यावासा वाटायच्या आतच शुद्ध जाते. "तुला माहीत नव्हतं?" माहीत होतं. मुलांनी तसं केलं तर ओरडते मी. नातवंडं असलेल्या माणसाला काय सांगायचं, असं वाटलं. 

मग खरा प्रश्न विचारला. ताई, मी शाब्बास म्हटलं तेव्हा ते शुद्धीवर होते की नव्हते?

कारण सगळं त्यावर आहे. शुद्ध गेलेली असेल, तर मला दिसलं नाही — माझी चूक, मोठी चूक, पण डोळ्यांची चूक. आणि शुद्धीवर असतील, तर... तर त्यांना पाण्यात मी ठेवलं. माझ्या शब्दाने ठेवलं.

ताई म्हणाली, "अगं, शुद्ध गेलेलीच होती. म्हणून तर तुला एवढा सुंदर दिसला तो. शुद्धीवरचा माणूस थोडा तरी हलतोच." हे वाक्य मी तेव्हापासून घट्ट धरून बसले आहे.

सोमवार, १७ मार्च

तलाव बंद. मॅनेजरने बोलावलं. अहवाल लिहायचा म्हणे. मी सगळं सांगितलं — श्वास दिसले ते, थट्टा केली ती, शाब्बास म्हटलं ते, बाईंना शू केलं तेसुद्धा. त्याने पेन खाली ठेवलं. "मॅडम, एवढं सगळं लिहायलाच हवं का?" म्हटलं, लिहा.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. काठवाल्या! दवाखान्यातून बोलत होत्या. समोरचं सगळं ऐकू येत होतं. "मॅडमना काही बोलू नका. हे आधीच बेशुद्ध झाले होते, त्यांनी काय करायचं? त्यांनीच तर श्वास दिला." मी खिडकीबाहेर बघत बसले. तलाव रिकामा, वारासुद्धा नव्हता.

मंगळवार, १८ मार्च

आंघोळीची बादली भरली. पाणी स्थिर झालं आणि मला बघवेना. हात घालून ढवळलं.

गुरुवार, २० मार्च

बोलायला लागले! बसवलंय उशीला टेकून. आवाज घोगरा, पण थांबत नाही. दवाखान्यातलं बेचव जेवण पुकारून शेजारच्या खाटेवरच्याला विकत होते. डॉक्टरांनी दम भरला की पुन्हा असे श्वास घेतलेत तर तुम्हाला बादलीतसुद्धा उतरू देणार नाही. काठवाल्या आतून बाहेर, बाहेरून आत, नुसत्या पळत होत्या. दहा वर्षांनी लहान दिसत होत्या.

मी माफी मागितली. सगळं कबूल करायचं ठरवून गेले होते, केलं. ते हात हलवत म्हणाले, "मला काही आठवतच नाही हो. टोपी चढवली एवढं ठाऊक. पुढे एकदम हे छत."

काही आठवत नाही. म्हणजे काही ऐकलंच नसणार. मला एवढं हलकं वाटलं की लाज वाटली. घरी येऊन पोटभर जेवले. नवऱ्याने आणखी एक पोळी वाढली.

सोमवार, २४ मार्च

तलाव उघडला. मॅनेजर म्हणाला, या. गेले. कपडे बदलायच्या खोलीत बराच वेळ बसून होते. शेवटी शिंपीणबाई आत आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, सगळे वाट बघतायत." त्यांचा आवाज आज पहिल्यांदा नीट ऐकला.

आधी श्वासाचं सांगितलं, काहीही न लपवता. दम धरून तरंगण्याचा खेळ बंद. प्रत्येकावर एकाची नजर. मग पोहायला सोडलं. सगळे घाबरलेले, सगळ्यांनी पाणी उडवलं, जुनी मारामारी परत सुरू. मी काही म्हटलं नाही. उडू दे. जेवढं उडतंय तेवढं सगळं जिवंत आहे.

शिंपीणबाई तेवढ्या शांतपणे पलीकडे गेल्या, छान गेल्या. शाब्बास म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच बाहेर येईना. "ठीक आहे," म्हटलं. त्यांनी मान हलवली. समजलं असावं.

शुक्रवार, २८ मार्च

लिलाववाले दवाखान्यातून घरी आलेत. मला मुद्दाम चहाला बोलावलं होतं. मी जाऊन टेकते न टेकते तोच म्हणाले, "मॅडम, आज सकाळी दाढी करताना सगळं एकदम आठवलं बघा. डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले होते. म्हटलं, पुरे आता, उभं राहावं. पाय खाली घेणार तेवढ्यात तुमचा आवाज आला — शाब्बास! सगळ्यांना बघायला सांगत होतात. आता कसा उठणार? म्हटलं, अजून थोडं."

मोठ्या कौतुकाने सांगत होते. काठवाल्या माझ्या कपात चहा ओतत होत्या. ओतायच्या थांबल्या. किटली खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेल्या.

ते अजून बोलतच होते.