पिंपातली माती वाटायची नाही

“बाई, उपाशी माणसाला बडीशेप कशाला?” असं मला एकदा एका सरकारी कचेरीत एका साहेबांनी विचारलं होतं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना मातीकाम शिकवायचं आहे, त्यासाठी अनुदान मिळेल का, एवढंच विचारायला गेले होते. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यांनी मला चहाही पाजला. पण ते वाक्य माझ्याबरोबर घरी आलं आणि राहिलं. आज हे लिहायला बसले तर सगळ्यात आधी तेच आठवलं, म्हणून तेच आधी लिहिते.

मी, दर्शना रामू घाडीगावकर, वय सेहेचाळीस, व्यवसाय कलाशिक्षण व लेखन, राहणार खोली क्रमांक चार, तळमजला, लालबाग, मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या राजीखुशीने आणि डोकं ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा धाकटा भाऊ हितेंद्र याला तो पटणार नाही. लहानपणी आलेल्या सांधे धरणाऱ्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली. ती बदलण्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. म्हणून मी वकिलांकडे गेले. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहत्या खोलीवरचे माझे सर्व हक्क मी ‘ओली माती’ या आमच्या नोंदणीकृत संस्थेला देते. उद्या चाळ पाडून टॉवर उभा राहिला, तर त्या बदल्यात मिळणारी जागाही संस्थेचीच. संस्थेचा मातीकामाचा वर्ग याच खोलीत भरतो. आई गेल्यापासून मी पोटमाळ्यावर झोपते आणि खालची सगळी जमीन मुलांची असते.

हितेंद्र यावर म्हणाला होता, “ताई, लोक घर भावाला देतात. तू पिंपाला देतेस.”

मी म्हटलं, “पिंपाला लेकरं जास्त आहेत रे.”

तो हसला नाही. पण त्या दिवशी भाऊबीज होती, आणि ताटातली करंजी मात्र त्याने संपवली. हितेंद्र, तुझं डोंबिवलीचं घर तुझ्या कष्टाचं आहे आणि चांगलं आहे. ही खोली बाबांनी मला दिली तेव्हा तू शेजारी उभा होतास. कोर्टात जाऊ नकोस. गेलास तर तुझं वजन आणि रक्तदाब दोन्ही वाढतील.

कलम २. वर्गातलं निळं पिंप आणि त्यातली माती. ही कुणाच्याही वाट्याला देता येणार नाही. का, ते लिहिते, कारण बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटतो.

गिरणी बंद पडल्यावर माझे बाबा, रामू घाडीगावकर, इथल्याच एका गणपतीच्या कारखान्यात माती मळायला लागले. मी शाळा सुटली की त्यांच्याजवळ जाऊन बसायची. एकदा मी उंदीर करायला घेतला आणि त्याचं शेपूट सारखं तुटायला लागलं. बाबा म्हणाले, “मातीक घाई चलत नाय गो.” मग त्यांनी कोपऱ्यातून गेल्या हंगामातला उरलेला गोळा आणला आणि माझ्या मातीत मळून दिला. जुनी माती मिसळली की नवी माती धरून राहते. शेपूट टिकलं.

म्हणून आमच्या वर्गाचा पहिल्या दिवसापासून एक रिवाज आहे. सत्र संपलं की प्रत्येक मूल आपण केलेलं काम आपल्या हाताने मोडतं आणि पिंपात टाकतं. पुढच्या मुलांना ती माती मिळते. पहिल्या वर्षी काही मुलं रडली. आता नवं मूल रडायला लागलं तर जुनी मुलंच त्याची समजूत घालतात.

या रिवाजापायी आमचं अनुदान जवळजवळ गेलंच होतं. बारा वर्षं अर्ज करून शेवटी तपासणी ठरली, आणि ती नेमकी सत्र संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. चार कामं मांडून ठेवावीत हे मला सुचलं नाही, अवधूतला सुचलं नाही, मुलांना तर नाहीच. (अवधूत माझ्याबरोबर शिकवतो.) अनुदान देणाऱ्या खात्याच्या अधिकारी वैदेही मॅडम आल्या आणि रिकाम्या फळ्या बघत उभ्या राहिल्या.

“मुलांचं काम कुठे आहे?”

“पिंपात.”

“सगळं?”

“सगळं.”

“अहो, मग मी तपासू काय? पिंप?”

तेवढ्यात नऊ वर्षांच्या मनूने पिंपाचं झाकण काढलं आणि म्हणाला, “मॅडम, हात घाला ना. आत माझा घोडाय.”

मॅडमनी घड्याळ काढलं, बांगड्या मागे सारल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. मग खाली बसल्या. मुलं त्यांच्याभोवती बसली. जेवायची वेळ टळेपर्यंत मॅडम एक झोपलेली मांजर करत होत्या. मांजर छान झाली होती, तिचं पोट वर-खाली होईल असं वाटत होतं.

मनू म्हणाला, “आता मोडा.”

“माझी राहू दे की रे.”

“नाय मॅडम. सगळ्यांना सेम.”

मॅडमनी मांजर मोडली. अनुदान मंजूर झालं. अट एकच आली, की मोडण्याआधी कामं महिनाभर फळीवर ठेवावीत. ती मी मान्य केली आणि मनापासून पाळते. आता त्या महिन्यात मुलांचे आईबाप येऊन बघून जातात. हे आधीच करायला हवं होतं. सरकारने मला शहाणपण शिकवलं, असं लिहायची वेळ कुणावर वारंवार येत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते.

कलम ३. बाबांच्या लाकडी कोरण्या आणि माती कापायची तार अवधूतला. त्याने त्या कपाटात ठेवू नयेत, मुलांच्या हातात द्याव्यात. मोडल्या तर मोडू देत. हिंदमाता बाजारातल्या साडीवाल्याकडून आम्ही चिंध्या आणतो, माती ओली ठेवायला. त्याने आजवर एक पैसा घेतलेला नाही. माझ्या चार बऱ्या साड्या त्याच्याच दुकानातल्या आहेत, त्या चाळीतल्या बायकांनी वाटून घ्याव्यात.

कलम ४. बँकेतल्या ठेवींपैकी अर्धा भाग हितेंद्रची मुलगी मनवा हिच्या शिक्षणासाठी. तिने कलाच शिकावी अशी अट नाही. तिला हिशेब आवडतात, तिने हिशेब करावेत. उरलेला अर्धा भाग वर्गातल्या खाऊसाठी. आमच्याकडे मुलं आली की आधी केळं आणि चणे, मग माती. बडीशेपवाल्या साहेबांचं अर्धं म्हणणं मला पहिल्या दिवशीच पटलं होतं. उरलेलं अर्धं आजही पटलेलं नाही.

कलम ५. जुनी देणीघेणी. ज्या मुख्याध्यापकांनी “यांचं अभ्यासात काही होणार नाही” म्हणून निवडून निवडून मुलं माझ्याकडे पाठवली, त्यांचे आभार. त्यांनी पाठवलेल्यांपैकी एक आज दंतवैद्यांसाठी कवळ्यांचे साचे करतो. एक परळच्या इस्पितळात परिचारिका आहे आणि तिच्यासारखं प्लास्टर कुणाला घालता येत नाही, असं तिथले डॉक्टर सांगतात. एक टेम्पो चालवतो. त्याने कलेचं पुढे काहीच केलं नाही, पण दर गणपतीला येऊन नव्या मुलांना माती मळून देतो. हे तिघं भेटले की माझी मान आपोआप ताठ होते. ती ताठच राहू द्यावी.

मी गेल्यावर नाक्यावर माझ्या फोटोचा बॅनर लावू नये. इथल्या गणपती मंडळाच्या अध्यक्षांनी दोन वर्षांपूर्वी आमच्या मुलांना एका मोठ्या चेकमागे हात जोडून उभं केलं होतं. तो चेक पुठ्ठ्याचा होता, आणि खरा अजून आलेला नाही. मुलांना पुन्हा कुणाहीमागे तसं उभं करू नये.

कलम ६. वर्ग पुढे चालण्याबद्दल. नियमाप्रमाणे अनुदानित वर्गाच्या प्रमुखाकडे कलाशिक्षणाची पदविका लागते. ती माझ्याकडे आहे, अवधूतकडे नाही. त्याने आता त्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे, दोन वर्षं लागतील. प्रमुखाची जागा सहा महिने रिकामी राहिली की अनुदान बंद होतं, आणि एकदा बंद झालं की पुन्हा पहिल्यापासून अर्ज. माझी बारा वर्षं गेली, अवधूतची जाऊ नयेत.

पदविका असलेली माझी एकच विद्यार्थिनी आहे, नूपुर. वर्गातली अगदी पहिली मुलगी. आज ती गोरेगावला जाहिरातींचे सेट उभे करते. गेल्या महिन्यात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून मी तिला विचारलं.

ती म्हणाली, “ताई, त्या खोलीतून बाहेर पडायला मला तूच शिकवलंस. आता परत आत बोलावतेस?”

“हो.”

“पगार किती?”

मी सांगितला. ती इतक्या मोठ्याने हसली की फेरी मारणारे दोन आजोबा थांबले. “अगं, एवढ्यात माझं रिक्षाचं पण नाय भागत!” मग माझा हात धरून हळूच म्हणाली, “माझं चांगलं चाललंय गं. खरंच.”

वाईट वाटलं. पण ताठ बसून, आवाज न चढवता, आपल्या बाईंना नाही म्हणू शकणारी मुलगी आमच्या खोलीतून गेली आहे, याचा अभिमान त्याहून मोठा होता. त्यामुळे या मृत्युपत्राने तिच्यावर कोणतंही बंधन येत नाही.

कलम ७. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी अ‍ॅड. सुशांत मयेकर यांना नेमते. त्यांनी फी घेतलेली नाही. त्यांची मुलगी आमच्या वर्गात येऊन गेली आहे.

ठिकाण: लालबाग, मुंबई. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५.

सही: दर्शना रामू घाडीगावकर

साक्षीदार:
१. सुंदराबाई गणू तांडेल, खोली क्रमांक पाच. (सही करता येते, अंगठा घेऊ नये, असं त्यांनी बजावलं आहे.)
२. डॉ. श्रेया नेरुरकर, परळ.

सहीच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही, असं वकिलांनी मला दोनदा सांगितलं. म्हणूनच पुढचं इथे लिहिते. खोली देता येते, कोरण्या देता येतात, माणूस देता येत नाही.

नूपुर, अवधूतची पदविका होईपर्यंत दोन वर्षं वर्गाची प्रमुख हो. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे. फक्त ते वकिलांना फोनवर सांगू नकोस. शनिवारी दुपारी, वर्ग भरलेला असताना ये, आणि मुलांना सांग.